दोन चमचे द्राक्षासव

मी इंग्लंडला निघाले त्या दिवशी गारखेड्यात आमच्या दारापुढं रिक्षा येऊन थांबली, तरी आई माझी बॅग सोडेना. "तिकडं पिणं-बिणं लई चालतं म्हणं. आपल्या घरात चालत नाय, ध्यानात ठेव," असं बजावत तिनं स्वेटरात गुंडाळलेली द्राक्षासवाची बाटली आत खुपसली. जेवणानंतर दोन चमचे, अंगात ताकद राहते. मी रडत रडतच मान डोलावली.

लीड्सच्या पहिल्या थंडीत ती बाटली मी पुरवून पुरवून वापरली. तिचा वास आला की आईच जवळ बसल्यासारखं वाटायचं.

पुढं इथं लॅबमध्ये काम मिळालं ते नेमकं गर्भावर होणाऱ्या दारूच्या परिणामाचं. दोन बायका सारखंच पितात. एकीच्या बाळाच्या मेंदूला कायमची इजा होते, दुसरीचं बाळ बरंच बचावतं. असं का होतं, हे आम्ही शोधतो. अल्कोहोल मोडणारं एन्झाइम कुणाच्या लिव्हरमध्ये झपाझप चालतं, कुणाच्या रेंगाळतं. ही चाल जनुकांतून येते. त्यात आई अशक्त असेल, पोटभर खात नसेल, तर धोका वाढतो. बाळाची स्वतःची जनुकंही त्यात असतातच.

यंदा वहिनीला दिवस गेले. व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तर आई तिच्यापुढं आसवाचा चमचा धरून उभी. वहिनी मुळात काडीसारखी, हिमोग्लोबिन कमी, वर सोमवारचे उपास.

"आई, आसव आंबवूनच करतात. त्यात अल्कोहोल असतं."

"तू पोटात असताना मी रोज घेतलं. तुला काय झालं? चांगली शास्त्रज्ञ झालीस."

मला राग आला, कारण उदाहरण म्हणून मीच समोर होते. दोन चमच्यांनी अपाय होईलच असं विज्ञान म्हणत नाही. पण गरोदरपणी इतकं चालतं, अशी रेघही ते कुठं मारून देत नाही. काही दिवस आम्ही दोघी फोनवर फक्त हवापाण्याचं बोललो.

मग एकदा भाजी निवडत तिनंच विषय काढला. मी म्हटलं, "वहिनीला आणताना गोत्र वेगळं आहे ना, हे तूच पाहिलंस ना?"

"मग? ते बघावंच लागतं."

"म्हणजे तिचं रक्त तुझं नाही. तुझ्या लिव्हरनं तेव्हा निभावलं. तिचं निभावेल, याची हमी तू कशी देणार?"

आई गवारीच्या शेंगा मोडत राहिली. मग म्हणाली, "व्हय. हे आधी असं सांगायचं ना." दुसऱ्याच दिवशी ती वहिनीला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. त्यांनीही आसव बंदच करायला सांगितलं.

डोहाळजेवणाला गंगापूरहून वहिनीची मावशी आली. ओटी भरून झाल्यावर तिनं पिशवीतून नवी बाटली काढली, तीच, द्राक्षासवाची.

"ठिवा ते परत," आई म्हणाली. "आमच्या घरात चालत नाय."

माझ्यासारखे दूर गेलेले विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं. निघाले तेव्हा मला वाटायचं, घरानं द्यायचं आणि आपण बांधून न्यायचं. आता माझंही काहीतरी त्या घरानं ठेवून घेतलंय. आई 'आमच्या घरात' म्हणाली तेव्हा त्या घरात मीसुद्धा होते, लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या फोनमध्ये.