काढल्याची वेळ

आमच्या दिवेआगरच्या वाडीत प्रत्येक माडावर डांबरानं नंबर घातलेला असे. बाबांची एक जाड वही होती, तिच्यात नंबरापुढे सगळं लिहिलेलं: कुणी लावला, कधी फळ धरलं, वीज पडली का. माड पडला तरी ओळ खोडायची नाही, पुढे फक्त पडल्याची तारीख घालायची. चक्रीवादळ झालं त्या आठवड्यात बाबा चिखलात उभे राहून नुसत्या तारखा घालत होते.

दादा जायच्या थोडे दिवस आधी ही वही तो संगणकावर बोलून घ्यायला लागला होता. बाबांना बारीक अक्षर दिसेना म्हणून. मोबाइल घेऊन वाडीत हिंडायचा आणि बोलायचा, "बेचाळीस. आजोबांनी लावलेला. माकडांचा लाडका." अकरा मिनिटांचं एकच रेकॉर्डिंग झालं, ते त्यानं संगणकावर उतरवलं. शेवटी तो ओरडतो, "आई, चहा टाक गो, आलोच!" पुढे घाटात त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला आणि तो गेला, मोबाइलही फुटला. आईला तेवढंच हवं होतं. ती ते रोज ऐकायची.

वर्षश्राद्धानंतर थोड्याच दिवसांनी बाबांनी मला पुण्याला फोन केला, "संगणक बिघडलाय. आलीस की बघ." मग लॉकडाउन लागला, मग वादळ आलं. पावसाचं पाणी संगणकात शिरलं. मी पोचले, डिस्क काढून वाळवली, लॅपटॉपला जोडली. चालू झाली! आणि मी काय करावं? पंचनाम्यासाठी पडलेल्या एकेका माडाचे फोटो काढले होते, मोबाइल भरला होता, ते सगळे त्याच डिस्कवर ओतले. मग दादाचं रेकॉर्डिंग शोधायला गेले तर नाही. पाण्यानं पुसलं गेलं असेल, पण पुसलेलं परत मिळतं ते त्या जागेवर नवं काही लिहीपर्यंतच. धंदा डिस्कचा माझा, आणि मीच भावाच्या आवाजावर पडलेले माड ओतले. कप्पाळ माझं! आई विचारायची, "अगो, सापडलं का?" मी म्हणायची, बघते. अशी काही वर्षं बघत होते.

गेल्या वर्षी दिवेआगरच्या घरूनच काम करत होते. डिस्क तपासायचं आमच्या कंपनीचं एक जुनाट साधन आहे, त्यात नवी कमांड घालायचं काम माझ्याकडे आलं. संगणकात फाइलचं नाव एकीकडे असतं आणि तिची खरी नोंद दुसरीकडे, नंबरानं. तिला आयनोड म्हणतात. फाइल कधी झाली, मजकूर डिस्कवर कुठे आहे, हे त्या नोंदीत. फाइल काढून टाकली तरी नोंद कधीकधी पडून राहते, तिच्यावर काढल्याची वेळ चढते. माझ्या कमांडनं एवढंच करायचं होतं, नंबर दिला की नोंद वाचून दाखवायची. मी मीटिंगमध्ये म्हटलं, ही तर आमच्या बाबांची वही. कुणी हसलं नाही. तीन आठवडे मी त्या कोडशी भांडले, त्याला नाही नाही ते बोलले.

कमांड चालायला लागली त्या सकाळी घरची डिस्क काढली. फोल्डरमध्ये रेकॉर्डिंगचं पुसट नाव उरलं होतं, त्याच्यापुढे नंबर. तो टाकला. फाइल झाल्याची तारीख बरोबर होती. मजकुराचा पत्ता असतो तिथे नुसती शून्यं. आणि काढल्याची वेळ: वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा. वादळाच्या कितीतरी आधी. मी तेव्हा पुण्याला परतत होते आणि आई देवळात होती. घरी एकटे बाबा.

मी इतकी भडकले की अनवाणीच वाडीत गेले. बाबा रोपांना आळी करत होते. "तुम्ही काढलंत?"

त्यांनी कुदळ खाली ठेवली. "हो."

"आणि मी इतकी वर्षं स्वतःला खात बसले! बोलायचं तरी!"

"जेवत नव्हती गो तुझी आई. संगणकापाशी हेडफोन कानाला लावून बसायची, त्याचा चहा टाकायची, निवला की ओतून द्यायची, परत लावायची. मला वाटलं, हीपण जाते आता." मग म्हणाले, "त्यानंतर जेवायला लागली."

राग तसाच होता, पण तो ठेवायचा कुठे ते कळेना. नव्या रोपांना नंबर घातलेले नव्हते, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

"आईला काय सांगू?"

"वादळात गेलं म्हण."

आई मागल्या दारी तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले आणि सांगितलं, आता नक्की कळलं, ते वादळात गेलं, परत येणार नाही. तिनं सूप मांडीवर घेतलं. एक खडा वेचून अंगणात टाकला.

"म्हणजे आता शोधायचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं, वाडीकडे बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "ह्यांना सांगू नकोस हो इतक्यात. बोलून दाखवत नाहीत, पण तेही वाट बघतायत."