अंगणातला नळाचा खड्डा

आमच्या पूर्णेत नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि आले तरी त्याला जोर नसतो. म्हणून अंगणात खड्डा खणून नळ जमिनीच्या पातळीखाली बसवण्याची रीत आहे. आमचा खड्डा मी रेल्वेच्या नोकरीत असताना स्वतः खणला. पायऱ्या उतरायच्या, बसून घागर भरायची, वर चढायचे.

गेल्या उन्हाळ्यात पाणी तांबडे येऊ लागले. प्लंबरला बोलावले. त्याने पाइपला पाना लावताच गंजाचे पापुद्रे सुटले.

"काका, लय कुजलंय हे. सगळाच पाइप नवा टाका. खड्ड्यात टाकी बसवू, मोटार लावू, नळ थेट सैपाकाच्या ओट्यावर काढू."

"गळते तेवढेच दुरुस्त कर."

"मागल्या बारीलाबी असंच म्हणला व्हता. आता पाइप कमी अन् माझे जोडच जास्त झालेत."

पाइप न बदलण्याचे खरे कारण त्याला सांगण्यासारखे नव्हते. पत्नीला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले; उरलेली किती टिकेल, ते म्हणाले नाहीत. घरात ती हाताच्या ओळखीने वावरते. खड्ड्याच्या पायऱ्या तिच्या पावलांना पाठ आहेत, अशी माझी समजूत होती. जे तिला न पाहता सापडते ते हलवायचे नाही, असे मी ठरवले होते. तिला विचारले नव्हते.

ती दारात उभी राहून ऐकत होती.

"अवो, घाला की नवा. त्याला कशाला ताटकळत ठेवलंय?"

"नळाची जागा बदलेल. तुला सापडणार नाही."

"ओटा काय पुढल्या टेशनाला, चुडाव्याला न्यायलाव का?" ती हसली. प्लंबरही हसला. मग ती खाली पाहत म्हणाली, "मला त्या खड्ड्याचंच भ्या वाटतंय. खालची फरशी पायाला लागस्तोवर जीव थाऱ्यावर नसतो. तुमी खणलाय, म्हणून बोलले न्हाई."

तिच्या संथ उतरण्याला मी सराव समजत होतो.

"सगळा बदल," मी प्लंबरला सांगितले.

ओट्यापाशी त्याने विचारले, "नळ कुठं काढू?" मी जागा दाखवणार, तोच तिने मला बाजूला सारले. रोज पिठाचा डबा घेण्यासाठी करावा तसा सहज हात पुढे केला आणि पंजा भिंतीवर टेकवला.

"हितं."

त्याने तिच्या बोटांभोवती पेन्सिल फिरवली.

"आता तुमी हात लावून बघा," ती मला म्हणाली. "पुढं कवा चहाचं पाणी तुमालाच घ्यावं लागंल."

चहा मला करता येत नाही. ते तिला ठाऊक आहे. मी हात त्या खुणेपर्यंत नेला. तिने आपला हात अजून काढला नव्हता. मीही काढ म्हणालो नाही.