आत्याच्या मांडीवरचं तिसरं लेकरू

गर्दीतली माणसं अपंगाच्या गाडीला वाट देतात. चांगलंच आहे, द्यावीच. पण अशी वाट मोकळी होताना बघितली की माझ्या अंगावर अजून काटा येतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाईला नसते चाळे सुचतात. म्हणोत बापडे. त्या गाडीच्या मागं मी उभी होते, ते नव्हते.

आमचं गाव पेडगाव. घरात आई, वडील, मी, धाकटा भाऊ आणि वडिलांची बहीण, म्हणजे माझी आत्या. तिसऱ्या वर्षी तिला ताप आला. ताप उतरला तेव्हा तिचे दोन्ही पाय गेलेले होते. लग्न झालं नाही, कुणी विचारलंही नाही. हातमशीनवर अर्ध्या गावाचे झंपर शिवायची आणि तोंडानं उरलेल्या अर्ध्या गावाला शिवून काढायची. मी स्वतः नाकावर माशी बसू देत नाही, पण आत्या माझ्या वरताण होती. आमचं दोघींचं त्यामुळंच जमायचं.

एका गोष्टीत मात्र ती गप्प बसायची. बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला सख्खी आत्या घरात बसलेली असताना सेलूहून वडिलांची चुलतबहीण बोलावली. पाळणा तिनं हलवला, नाव तिनं सांगितलं, साडी तिनं नेली. बाळाची कुंची आत्यानं शिवली होती, ती तेवढी चालली. गल्लीतली गरोदर बाई आमच्या दारावरून निघाली की तिची सासू तिला पलीकडच्या कडेनं न्यायची. मी एकदा भांडायला उठले तर आत्यानंच हाक मारून आत घेतलं. म्हणाली, गिळून टाक, आपल्याला याच गल्लीत राहायचंय.

मी चौदा-पंधरा वर्षांची असताना समाजकल्याणकडून तिला तीनचाकी सायकल मिळाली. हातानं फिरवायचं पायडल, बाजूला ब्रेक, मागं ढकलायला दांडा. त्याच हिवाळ्यात आम्ही परभणीच्या उरसाला गेलो. गावातल्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं बसायची, तीत सायकलही चढवली. तोवर आत्यानं जत्रा बघितली होती ती आजीच्या, म्हणजे तिच्या आईच्या, कमरेवरून, लहानपणी. आजी गेल्यावर कोण नेणार?

उरसात दुकानांच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडी बल्ल्यांची आणि रंगीत कापडाची एक कमान उभी केलेली असायची. अलीकडं बांगड्या, सुरमा, खाजा, रेवड्या. पलीकडं मैदान, आकाशपाळणे, मौत का कुआँ. मधली वाट इतकी अरुंद की श्वास घ्यायला मान वर करावी लागायची. ‘सायकल आली, सरका,’ असं ओरडत मी कमानीत शिरले आणि गर्दीतून दोन हात पुढं आले. आत्याच्या मांडीवर एक लेकरू ठेवून ते हात मागं गेले. मी शिवी हासडणार तेवढ्यात आवाज आला, “बाई, एवढं कमानीपल्याड घ्या जी.”

मग कळलं की तिथला हा रिवाजच होता. लेकरं चेंगरतील म्हणून बायका ती गाडीवाल्याच्या मांडीवर देत, कारण अपंगाच्या गाडीला धक्का मारायची कुणाची छाती नसे. कमान ओलांडली की जी ती आपलं उचलून नेई. कुणी ‘भलं होवो’ म्हणे, कुणी रेवड्यांची पुडी ठेवी. एवढंच विचित्र वाटायचं की गर्दीत हात दिसायचे, तोंड दिसायचं नाही. कुणाचं लेकरू कुणी दिलं ते बांगड्यांवरून ध्यानात ठेवायचं.

त्या वीस-पंचवीस पावलांसाठी आत्या वर्षभर थांबायला लागली. पाळणे नकोत, खाजा नको, फोटो नको. पल्याड गेलं की म्हणायची, मागं घे, परत जाऊ. एका दिवसात सहा-सहा फेऱ्या. मी कुरकुरायचे, माझे हात काय लोखंडाचे आहेत का म्हणायचे. पण तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि कुणी लेकरू तिच्यापासून ओढून घेत नव्हतं. हे मला कळत होतं म्हणून ढकलायचे.

तिसरं वर्ष. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा कधी बंद, कधी दगडफेक. उरूस भरतो की नाही अशी धाकधूक होती. भरला, आणि दाबून भरला.

आमची दुसरी फेरी चालली होती. दोन वर्षांचं एक पोरगं मांडीवर आलं, ते पायडलला लटकलं. मग एक रडकं आलं. कमानीच्या मध्यावर मी सहज वाकून बघितलं तर मांडीवर तीन. तिसरं कधी आलं, कुणाच्या हातातनं आलं, मला दिसलंच नव्हतं. आत्यालाही सांगता येईना. म्हणाली, पोराला आवरत होते, तेवढ्यात हे होतंच.

पल्याड गेलो. पायडलवाल्याला त्याच्या आईनं नेलं. रडक्याला आजीनं नेलं. तिसरं राहिलं.

सात-आठ महिन्यांची पोरगी होती. हिरवी कुंची, गालाला काजळाचा टिपका, कमरेपासून खाली जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळलेली. डोळे टक्क उघडे. रडत नव्हती, हसत नव्हती, आत्याकडं बघत होती. मी गाडी कडेला घेतली आणि हाका मारल्या, कुणाचं हाय हे? बायका यायच्या, मांडीत बघायच्या, मान हलवून जायच्या. असं बराच वेळ चाललं. कमानीतून माणसांचा लोंढा येत होता, एकमेकांच्या पायावर पाय पडत होते, आणि आमच्या गाडीभोवती मात्र हातभर जमीन मोकळी होती. कुणी सांगितलेलं नव्हतं. गाडीपाशी आलं की माणूस आपसूक वळायचा, बोलत असला तर गप्प व्हायचा, आणि पुढं जाऊन पुन्हा बोलायला लागायचा. आधी दोन वर्षं मी ह्याला चांगुलपणा समजत होते. त्या दिवशी उभं राहून बघितलं आणि मला गार वाटायला लागलं.

मी स्वयंसेवकांच्या मांडवात जाऊन आले. त्यांनी भोंग्यावरून तीनदा पुकारलं, हिरव्या कुंचीतली मुलगी कमानीजवळ गाडीवर आहे, आईनं येऊन घेऊन जावं. कुणी आलं नाही.

तेव्हा ती बाई मला दिसली. बांगड्यांच्या दुकानापाशी, मेंदी रंगाचं लुगडं, पदर नाकापर्यंत ओढलेला. सगळी गर्दी हालत होती, ती हालत नव्हती. मी आत्याला सांगायला मान वळवली आणि परत बघितलं तर तिथं कुणी नव्हतं. थोड्या वेळानं खाजाच्या दुकानापाशी तीच. तसाच पदर, तितकंच अंतर. मी तिच्या दिशेनं चार पावलं टाकली तर पुन्हा नाहीशी. मला राग आला, असं मी तेव्हा म्हणाले असते. खरं म्हणजे मी घाबरले होते.

आत्यानं तोवर लुगड्याची गुंडाळी सोडली होती. “हात लाव,” ती म्हणाली.

लावला. डावा पाय गुबगुबीत, ऊन. उजवा बारीक, गार. उचलून सोडला तसा पडला. दुपारचं ऊन कडक होतं आणि तो पाय रांजणातून काढल्यासारखा गार होता.  आत्यानं तो पाय आपल्या मुठीत घेतला. मग खाली वाकली. पोरीची कुंची बाजूला केली, कानाशी तोंड नेलं. तिचे ओठ हलले. बारशात हलतात तसे. 

“घरी चल,” आत्या म्हणाली.

मी म्हणाले, पोलिसांकडं देऊ, आई शोधायला येईल, लोक आपल्याला पोरं पळवणाऱ्या म्हणतील. जे जे सुचलं ते बोलले. ती एकच म्हणाली, चल म्हणते ना. मी दांडा धरला आणि ढकलायला लागले. का ढकललं? तिनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, हे एक. दुसरं मला सांगता येत नाही.

मैदानातून रस्त्याकडं जायला निम्मा उरूस ओलांडावा लागायचा. मी मनात म्हणत होते, कुणीतरी अडवा. कुणीतरी विचारा, हे लेकरू कुणाचं. मी ओरडतही नव्हते, तरी पुढं वाट उघडत होती. माणसं मागं वळून न बघताच सरकत होती. डोळे गाडीच्या चाकापर्यंत यायचे आणि तिथूनच वळायचे. मांडीपर्यंत एकाचेही आले नाहीत. बाहेरच्या तोंडाशी दोर बांधलेला होता, तिथं पोलीस उभा होता. त्यानं आम्हाला बघितलं, चार माणसं हातानं बाजूला सारली आणि दोर स्वतः वर धरला. वर म्हणाला, सावकाश न्या, ताई. त्या गाडीत आम्ही मैदान उचलून नेलं असतं तरी कुणी हटकलं नसतं.

दोराच्या अलीकडं मी मागं बघितलं. आमच्यामागं वाट लगेच मिटत नव्हती, थोडी उघडी राहत होती. त्या उघड्या वाटेतून मेंदी रंगाचं लुगडं येत होतं. दहा पावलांवर. मी थांबले की ते थांबायचं.

मी आत्याला सांगितलं, ती मागं यायलीय. आत्यानं मागं न बघता विचारलं, रडायलीय का? मी म्हणाले, न्हाई, नुसती यायलीय.  गाडी आणखी पाच-सहा पावलं गेली. पोलीस दोर धरून उभाच होता. मग आत्यानं ब्रेकवर हात ठेवला.

मला म्हणाली, दांडा सोड. लेकरू पोटाशी धरून एका हातानं तिनं गाडी फिरवली आणि पायडल मारायला लागली. गर्दीत ते पायडल ती कधी वापरत नसे. बाई वळून पळायला लागली. पण आम्हाला वाट होती, तिला नव्हती. आत्याला जागा द्यायला माणसं दोन्हीकडं सरकली आणि त्यांच्या खांद्यांनीच ती बाई अडली. शेवटी मौत का कुआँच्या फळ्यांना पाठ लावून उभी राहिली. आत फटफटी फिरत होती, फळ्या थरथरत होत्या. तिचा पदर मागं पडला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल.

आत्या काही विचारायच्या आधीच ती बोलली. “मागल्या साली बगितलं मी तुमाला. समदे वाट देतेत. कुनी धक्का मारत न्हाई. आमच्यात हिला कोन वाट देनार? तुमच्यापाशी मिळंल म्हनलं.”

आत्या तिच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण तिचा आवाज कधी नव्हे इतका हळू होता.

“वाट देतेत, बाई. जवळ कुनी येत न्हाई.”

बाईला ते कळलं का, मला माहीत नाही. आत्या म्हणाली, माझ्या मायनं मला बारा वर्सं कमरेवर घेतली, ह्याच जत्रंत दोघींनी धक्के खाल्ले, पाठ सोलून निघायची. तेच दिवस चांगले होते. “उचल,” ती म्हणाली. बाई हात पुढं करेना. तेव्हा आत्यानंच पोरीला दोन्ही हातांनी वर धरलं.  बाईनं घेतली. आत्यानं रोज तिळाचं तेल लावायला सांगितलं, पाय उघडा ठेवू नको म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

मी बघत होते. बाई गर्दीत शिरली तशी एकानं तिला कोपर मारलं, दुसरीनं ढकललं, कुणीतरी ओरडलं, डोळे फुटले का. हिरवी कुंची तिच्या खांद्यावर वरखाली होत गेली आणि दिसेनाशी झाली.

ट्रॉलीपाशी वडील वैतागून उभे होते. उशीर का, विचारलं. आत्या म्हणाली, गर्दी लय होती. ट्रॉलीत ती माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर दोन्ही पंजे उताणे ठेवून. परभणी मागं पडली. मग एकदम माझ्या कानाशी म्हणाली, “ती मागं आली न्हसती तर मी थांबले न्हसते.”

तू थांबवलं असतंस का, असं तिनं मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते, आणि ते खोटं असतं.