कमरेची पक्कड

रोज सकाळी द्राक्षबागेत फेरी मारायचं काम माझं. बाग लावली तेव्हापासून माझंच आहे. थंडीच्या दिवसांत मांडवाखाली धुकं अडकून राहतं. वरचा उजेड पानांतून झिरपून हिरवा होऊन खाली उतरतो, आणि आपण विहिरीच्या तळाशी चालतोय असं वाटतं. ठिबकचं पाणी टपटपत असतं. मी ओळीओळीने जाते. कुठे खारीने नळी कुरतडलेली असते, कुठे सुतळी तुटून फांदी लोंबते, कुठे तारेचं टोक सुटून डोळ्याच्या उंचीवर आलेलं असतं. दिसलं की तिथल्या तिथे नीट करायचं, एवढीच ती फेरी.

पण तिथल्या तिथे काही होईना. पक्कड शेडमध्ये, चाकू शेडमध्ये, आणि शेड बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. नळी गळताना बघायची, पक्कड आणायला निघायचं, आणि वाटेतच तो हिरवा उजेड डोक्यात शिरायचा. शेडच्या दाराशी पोचेपर्यंत आपण कशाला आलो हे निघून गेलेलं असायचं. त्याचं मला वाईट वाटत नसे. दारात उभी राहून मी आत पडलेली उन्हाची पट्टी बघायचे. तिच्यात धूळ वर वर जायची. कधी माझी आई दळताना दिसायची, कधी नुसतंच पीठ दिसायचं. छान वेळ जायचा.

बागेचा वेळ मात्र छान जात नव्हता. घडांत साखर भरायला लागली की पाणी बेताने द्यावं लागतं. जास्त झालं तर मणी तडकतात. अशाच दिवसांत एका सकाळी माझ्या मुलाला एका ओळीत घोट्याएवढं पाणी साचलेलं दिसलं. नळी फाटली होती. मी ती पाहिली होती, पक्कड आणायला गेले होते, आणि शेडमध्ये रिकाम्या क्रेटवर बसून राहिले होते.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आई, उद्यापासून बागेत जाऊ नको. घरी बस."

"घरी बसून काय करू?"

"काय नाय करायचं. लय केलं."

लय केलं असं म्हणाले की माणसाला गुंडाळून माळ्यावर ठेवतात. मी म्हटलं, "हंगाम संपेपर्यंत जाऊ दे. परत असं झालं तर मीच बसते." त्याने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की कंटाळून, ते मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला एक माणूस आला. त्याच्या पट्ट्याला चामड्याचं पाकीट होतं. त्यातून त्याने घडी केलेली पक्कड काढली, उलगडली, तिच्याच दांड्यातून चाकू काढून वायर सोलली, मग चाकू मिटून बारकं पेचकस काढलं. काम होईपर्यंत तो माणूस जागचा हलला नाही. मी शेणाची पाटी खाली ठेवून बघत बसले. मला दुसरं डोकं मिळणार नव्हतं. पण शेडची वाट तर वाचवता येत होती.

सुनेला घेऊन मी जीपने सिन्नरला गेले. तिथे कारखाने आहेत, म्हणून लोखंडी हत्यारांची दुकानं चांगली आहेत. दुकानदाराने एक जाडजूड वस्तू पुढे ठेवली.

"आजी, हे घ्या. चौदा कामं करतं."

"मला चौदा कामं नाहीत. कापायचं, धरायचं, पिळायचं."

"ह्यात बाटली उघडायचं पण हाय."

"कुणाची बाटली?"

सून तोंडाला पदर लावून हसली. दुकानदार म्हणाला, "मालकांची."

"मालक वर गेले. तिथं त्यांची ते उघडतील."

मग त्याने सगळाच खोका काढला. मी एकेक पक्कड कानाशी धरून हलवली. जी खुळखुळली ती बाजूला. सांध्याचा खिळा आत्ताच ढिला असेल तर पुढे काय राहणार? मग जबडा मिटून दाराच्या उजेडाला धरला. ज्याच्या फटीतून उजेड दिसला तीही बाजूला, कारण बारीक तार तिथून निसटणार. राहिल्या त्यांतली पाती उघडायला बघितली तर नख घालायची खाच. कांदे-लसूण सोलून माझी नखं कधीच झिजली आहेत. "नखवाल्या बाईला विका," म्हटलं. शेवटी एक साधी काळी निघाली. तिचं पातं अंगठ्याने उघडत होतं आणि उघडल्यावर खट्‌ करून अडकत होतं. मी पाण्याच्या ग्लासात हात बुडवून ओल्या हाताने परत उघडली. सकाळी बागेत माझे हात कोरडे कधी असतात?

दुकानदार सुनेला म्हणाला, "ताई, मुलगी बघायला आल्या का पक्कड घ्यायला?"

"मला बघायला आल्या तवा एवढं नव्हतं बघितलं," सून म्हणाली.

घरी आल्यावर पक्कड मी कमरेच्या पिशवीत टाकली. त्याच पिशवीत माझं पान आणि चुन्याची डबी. डबीचं झाकण सुटलं, चुना खिळ्यात शिरला, वाळला, आणि सकाळी पक्कड दगडासारखी मिटून बसली. मी ती चिंचेच्या पाण्यात भिजत घातली.

"आत्याबाई, पक्कड पण पान खाती का आता?" सून विचारत होती.

"खाती. सुपारी तेवढी तू फोडून दे तिला."

दुपारपर्यंत चुना सुटला. शिवणयंत्राचं तेल सोडलं, पक्कड पुन्हा चालू झाली. चुना डाव्या बाजूला, पक्कड उजव्या बाजूला, अशी दुसरी पिशवी शिवली.

पुढचे दिवस शांत गेले. फाटलेली नळी कापायची, जोड बसवायचा, सुतळीचं टोक तोडायचं, पुढे जायचं. स्वप्नं पडत नव्हती असं नाही. उजेड तसाच हिरवा होता आणि आई अजूनही कुठेतरी दळत होती. पण आता ती कामाच्या जागीच दिसायची, हात चालू असताना.

काढणी तोंडावर आली होती. एका सकाळी मुलगा माझ्या पुढच्याच ओळीत होता. खांबाला मोठी तार ज्या बारीक तारेने बांधलेली असते तो बांध गंजून तुटला, आणि घडांचं सगळं ओझं घेऊन तार खाली यायला लागली. त्याने ती खांद्यावर घेतली. दोन्ही हात अडकले.

"आई! शेडमधून पक्कड आण! पळ!"

"पळत नाही मी," म्हटलं, आणि पक्कड काढली.

जुन्या बांधाचं एक टोक खांबाला लोंबत होतं. मी ते जबड्यात पकडलं, मोठ्या तारेवरून वळसा घातला आणि पिळायला लागले. जबडा सुटला नाही.

"अजून एक पीळ," तो दातांतून म्हणाला.

"मला दिसतंय."

त्याने हळूच खांदा काढला. तार जराशी खाली बसली आणि थांबली. घड हलत राहिले, मग तेही थांबले. त्याने खांदा चोळत तो पीळ बोटाने दाबून बघितला.

"उद्या पलीकडच्या ओळींचे बांध पण बघून घे," तो म्हणाला. "गंजले असतील."

"बघते," म्हटलं. मग चार पावलं गेल्यावर मागे वळून विचारलं, "पलीकडच्या म्हणजे कुठल्या?"

"विहिरीकडच्या," तो म्हणाला. "विसरलीस तर विचार परत."