तो प्यायलेला नव्हता

ट्रक सुरू झाला की तो हात वर करायचा. गुडघ्यांवर बसून चाकांखाली वाकून बघायचा आणि मगच म्हणायचा, "हां, जाऊ दे." रावेरला केळीच्या पॅकिंगवर मी पावत्या लिहायचो, तो हमाली करायचा. साठीचा, धुळ्याकडचा, एकटा. आम्ही त्याला आबा म्हणायचो.

ड्रायव्हर चिडवायचे, "आबा, मुंग्यांनाही बाजूला घ्या!"

"मुंगीले बी घर शे ना भाऊ." तोही हसायचा. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण त्याला विक्षिप्त म्हणतो आणि सोडून देतो.

दर पौर्णिमेला तो पांढरा सदरा घालून विहारात जायचा. एकदा डबा खाताना मी सहज विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं. पूर्वी तो ट्रक चालवायचा. शिंदखेड्याजवळच्या एका गावात भरदुपारी एक मजूर ट्रकच्या सावलीत झोपला होता. यानं न बघता गाडी मागे घेतली. मजूर जागीच गेला. यानं सगळ्यांना सांगितलं, तो दारू पिऊन पडला होता. लोकांना ते पटलं.

भंतेजींनी त्याला चार गोष्टी सांगितल्या होत्या. धम्माला शरण जा. केल्याचा पस्तावा कर. पुन्हा करणार नाही असं ठरव. आणि बिघडवलंस ते नीट कर.

"तीन व्हयनात," तो म्हणाला. "चौथं राही गयं. येशी का मनासंगे?"

आम्ही गेलो. त्या मजुराची बायको अंगणात शेंगा निवडत होती. यानं हात जोडले.

"अक्का, तो पेल नव्हता. मीच खाले पाह्यं नही. मी खोटं बोलनू."

ती म्हणाली, "बेवडानी पोर म्हनीसन मनी पोरनं लगीन मोडनं. माले नको सांगू. बठ्ठा गावले सांग."

ग्रामपंचायतीच्या पायरीवर उभं राहून त्यानं सांगितलं. येईल त्याला, पुन्हा पुन्हा. एक म्हातारा थुंकला. बाई डोक्यावर पदर घेऊन लांबून ऐकत होती. 'माफ केलं' असं ती म्हणाली नाही. मी मागितला तेव्हा फोन नंबर मात्र दिला.

परतताना मी विचारलं, "हलकं वाटतंय का?"

"नही भाऊ. पन आते खरं शे."

गोष्ट रावेरला पोचली. ड्रायव्हरांची थट्टा थांबली, पण बोलणंही थांबलं. तो फाटकाजवळ एकटाच डबा खाऊ लागला. मीही रोज "उद्या बसू त्याच्याजवळ" म्हणत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तो कामावर आला नाही. खोलीचं दार ढकललं तर संपलेला होता. अंत्यविधीला आम्ही पाचजण.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला फोन केला. तिनं विचारलं, "मराना टाइमले त्यानाजोडे कोनी व्हतं का?"

'मी होतो' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले.

"नाही अक्का," मी म्हणालो. "कोणीच नव्हतं."

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.