शिरडच्या खडकावरचा फोटो

"शर्ट काढायला सांगा त्याला. पँटही नको, लंगोटी हवी," कॅमेऱ्यातून डोळा न काढता साहेब मला म्हणाले.

मी वसमतचा स्टुडिओवाला. सत्तरच्या दशकात एका कंपनीच्या कॅलेंडरसाठी हे फोटोग्राफर मुंबईहून आले होते. वाट दाखवायला आणि माणसं जमवायला मी सोबत. विषय 'फिगर इन लँडस्केप', म्हणजे मोकळं रान आणि त्यात माणसाचं उघडं शरीर, हे मला तिथं पोचल्यावर कळलं. तिरप्या उन्हात पाठीचे स्नायू सुरेख उठून दिसतात, हे मलाही मान्य. पण ज्याचं शरीर, त्यानं हो म्हणायला हवं.

शिरड शहापूरजवळच्या खडकावर उत्तम उभा होता. बौद्धवाड्यातला, हळद काढायला जाणारा, अंगानं पैलवान. साहेबांनी मला आणि मी त्याला, फोटो काढायचाय, एवढंच सांगितलेलं. आमच्याकडे फोटो म्हणजे केवढा थाट! तेल लावून भांग, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. तसाच नटून आला होता बिचारा.

साहेबांचं म्हणणं कानावर घातलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

"काहून? उघडं काहून व्हायचं?"

"आर्ट आहे रे ही," साहेब म्हणाले. "तुझी ओळख शर्टात नाही, या मातीत आहे."

"साहेब, माझ्या बापाची जिंदगी लंगोटीत गेली. अंगभर कापड गावाला खपायचं न्हाई. मला शाळेत घालताना म्हणला, तू उघडा फिरू नको. आन् तुमी मला पुन्हा तीच लंगोटी नेसवून राहिले व्हय?"

"बरं, राहू दे," साहेब म्हणाले. मला वाटलं, विषय मिटला.

कपडे बदलून उत्तम कामाला गेला. काम आटोपल्यावर तो विहिरीवर अंघोळीला बसला, आणि साहेब मला झुडपाआड दिसले. कॅमेऱ्याला टेली लेन्स, म्हणजे लांबच्या माणसाला त्याच्या नकळत जवळ ओढणारं भिंग. रोख सरळ उत्तमच्या पाठीवर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लेन्ससमोर जाऊन उभा राहिलो.

"हटा! लाइट जाईल!"

"जाऊ द्या. त्यो सकाळीच न्हाई म्हणला ना?"

"अहो, त्याला कळणारसुद्धा नाही."

"मला कळलं की. आता त्यालाबी सांगतो." मी उत्तमला मोठ्यानं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं आणि टॉवेल ओढला.

"तुम्हाला कला कळत नाही," असं सुनावून साहेब जीपमध्ये बसले. चोरून काढतो तो कलावंत, आणि विचारून काढणारा अडाणी! अजून संताप येतो.

त्याच संध्याकाळी उत्तमला विचारून मी माझ्या कॅमेऱ्यासमोर त्याला पुन्हा खडकावर उभं केलं. मागे डोंगर, पायथ्याला हळदीचं रान, अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन. बाप समोर बसलेला असावा, तसा तो ताठ उभा राहिला.

पुढे कॅलेंडर आलं. त्यात भलत्याच गावचा कुणी माणूस होता, लंगोटीत, पाठमोरा. त्याला विचारलं होतं का, हे पाठीवरून कसं कळणार?

उत्तमचा फोटो माझ्या शोकेसमध्ये लागला. गिऱ्हाईक विचारायचं, "हे कोण साहेब?"

मी सांगायचो, "फिगर इन लँडस्केप. बटणं त्याची आहेत, त्यानं आपल्या मर्जीनं लावून ठेवलीत."