मामांच्या निवडुंगाचा रंग

माझ्या बायकोच्या मामांइतका पाण्यावर राग असलेला माणूस गोदावरीच्या काठी जन्माला घालण्यात देवाचा नक्कीच काहीतरी घोळ झाला आहे. त्यात गंमत अशी की मामांची अख्खी नोकरी नाशिकच्या पाणीपुरवठा खात्यात झाली. जन्मभर ते कॉलन्यांचं पाणी सोडत आणि बंद करत हिंडले. पाणी कधी येणार, कमी का येतं आणि शेजारच्यांना जास्त का येतं, या तीन प्रश्नांपलीकडे माणसं त्यांच्याशी कधी काही बोललीच नाहीत. मग एक दिवस एका नर्सरीत त्यांना मुठीएवढा निवडुंग दिसला. "जावईबापू, माझ्याकडून ज्याला पाणी नको होतं असा तो मला भेटलेला पहिला जीव," असं मामा सांगतात, आणि हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही चढतो.

द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला त्यांचं घर आहे. खालच्या चौकात गाड्यांचे हॉर्न ठणाणा करत असतात आणि वर गच्चीत मामा मेक्सिकोत असतात. गच्चीवर इतक्या कुंड्या आहेत की मामींना कपडे वाळत घालायला जेमतेम एक दोरी उरली आहे, आणि त्या दोरीवरच्या प्रत्येक साडीला कुठे ना कुठे काट्याने ओढल्याची खूण आहे. नव्या पाहुण्याला मामा चहाच्या आधी गच्चीवर नेतात. तिकडच्या वाळवंटात तीन मजली घराएवढे निवडुंग उभे असतात, त्यांना पहिली फांदी फुटेपर्यंत माणसाचं एक आयुष्य उलटून जातं, पाऊस पडला की ते पेटीच्या भात्यासारखे फुगतात, त्यांच्या पोटात सुतारपक्षी घर करतो आणि तो सोडून गेला की घुबड राहायला येतं, हे सगळं ते एका दमात सांगतात. पाहुण्याने चुकून "आमच्या गावाकडेही कुंपणाला त्रिधारी निवडुंग आहे" असं म्हटलं की मग त्याची खैर नाही. तो निवडुंगच नव्हे, त्याला चीक येतो, तो वेगळ्या घराण्यातला, हे समजावण्यात पुढचा अर्धा तास जातो. एका बाईंनी घरात काटेरी झाड असलं की भांडणं होतात असं सुचवून पाहिलं. मामा म्हणाले, "भांडणं लग्नापासून आहेत, निवडुंग नंतर आला." मामी खालून ओरडल्या, "हे मात्र खरं बोलले."

त्यांच्या उत्साहाचा सगळ्यात मोठा बळी मी आहे. दिंडोरीला एका लग्नाला निघालो होतो, अंगात नवा पांढरा झब्बा. वाटेत द्राक्षबागेच्या बांधावर फड्या निवडुंग दिसला आणि मामांनी गाडी थांबवायला लावली. त्या झाडावर कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे किडे बसले होते. मामांनी त्यातला एक चिमटीत धरला आणि माझ्या बाहीवर चिरडला. बाही लालभडक झाली. "बघा, बघा हा रंग," मामा जवळजवळ नाचत होते. "या रंगाच्या लोभाने गोऱ्यांनी या किड्यांसकट हे झाड समुद्रापलीकडून इथं आणलं. धंदा बुडाला, झाड राहिलं." लग्नात मला जो भेटेल तो विचारत होता, "पाहुणे, लय लागलं का?" आणि प्रत्येकाला मामा पहिल्यापासून इतिहास सांगत होते. पंगतीत माझ्या शेजारी बसलेला एक शेतकरी सगळं ऐकून शेवटी एवढंच म्हणाला, "आन् आम्ही त्याला रोग समजून जाळत होतो." मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही इतका आनंद झाला होता. झब्बा मात्र कायमचा कामातून गेला.

पण गच्चीवरच्या सगळ्या प्रजेत त्यांचा जीव एकाच कुंडीत होता. सतरा वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांना कागदाच्या पुडीत बिया दिल्या होत्या. पुडीवर नाव नव्हतं. त्यातलं एकच बी उगवलं आणि वाढता वाढता नारळापेक्षा मोठं झालं. आकड्यासारखे वळलेले काटे आले, फूल मात्र येईना. फुलाचा रंग कोणता असेल यावर आमच्या घराण्यात सतरा वर्षं वाद चालू होता. मामी पिवळा म्हणायच्या, माझी बायको गुलाबी म्हणायची, मामा रोज मत बदलायचे. आणि यंदा मे महिन्यात त्याच्या डोक्यावर तीन कळ्या दिसल्या, नेमक्या मामांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या तोंडावर.

काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा आधीच नेला होता. डाव्यात जे उरलंय ते टिकवायचं असेल तर थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामा मामींसह लेकीकडे पुण्याला गेले ते कुरकुरतच. जाताना मला किल्ली दिली आणि म्हणाले, "जावईबापू, रोज जायचं, बघायचं आणि काहीही करायचं नाही."

काहीही न करणं मला ऑफिसात उत्तम जमतं. पण त्या उन्हात तो आक्रसलेला गोळा पाहून सहाव्या दिवशी माझं मन द्रवलं आणि मी तांब्याभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी कळ्या टपोऱ्या वाटल्या, म्हणून आणखी एक. मग रोजच. फोनवर मी मामांना कळ्यांचं वर्णन ऐकवायचो, तांब्याचं ऐकवत नव्हतो.

मामा परतले ते डोळ्यावर काळा चष्मा घालून. महिनाभर धूसरच दिसेल असं डॉक्टर म्हणाले होते. ते तडक गच्चीवर गेले, काट्यांमधून बोट सरकवून त्यांनी बुंधा दाबला, आणि बोट सडलेल्या गरात आत गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"रोज तांब्याभर."

मला वाटलं आता माझा उद्धार होणार. मामांनी बोट रुमालाला पुसलं. मग म्हणाले, "मलाही पहिली पाच वर्षं हात आवरत नव्हता. सुरी आणा."

त्यांना दिसत नव्हतं, म्हणून कापायचं काम माझ्याकडे आलं. ते शेजारी बसून सांगत होते, "खालून चकत्या काढत चला. आत तांबडा ठिपका दिसला की पुढची. पूर्ण पांढरं दिसलं की थांबा." थांबलो तेव्हा वाटीएवढा शेंडा उरला होता, त्यावर तीन कळ्या. तो आम्ही सावलीत कोरड्या कुंडीच्या तोंडावर ठेवला.

"मुळंच नाहीत, आता फुलणार कसा?" मी विचारलं.

"त्याचं पाणी त्याच्या पोटात आहे. तुमच्याकडे त्याने मागितलं नव्हतं."

पाचव्या दिवशी भर दुपारी मामींचा फोन आला, "लवकर या, हे खाली उतरायला तयार नाहीत." मी ऑफिस टाकून पळालो. एक कळी उमलली होती. मामा तिच्यासमोर स्टुलावर बसले होते.

"रंग सांगा," ते म्हणाले. "मला नुसता डाग दिसतोय. काट्यांमुळे डोळा जवळ नेता येत नाही."

"तोडून देऊ का हातात?"

"सतरा वर्षांनी आलंय आणि तोडता?"

मी सांगायला गेलो आणि मला सांगता येईना. पिवळा नव्हता, गुलाबी नव्हता, केशरीही नव्हता. मामा मान पुढे करून वाट बघत होते. इतकी लाज मला त्या तांब्याचीही वाटली नव्हती. शेवटी मी म्हणालो, "मामा, आपला उन्हाळ कांदा असतो ना, त्याचं वरचं वाळकं साल उजेडात धरलं की दिसतं, तसा. अगदी तसाच."

मामा उठले, माझ्या खांद्याला धरून जिना उतरले आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी टोपलीतला एक कांदा चाचपून काढला. त्याचा वरचा पापुद्रा हलकेच सोलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून तो पापुद्रा डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला.

डॉक्टरांनी चष्मा काढायला मनाई केली होती. मामींनी खिडकीचा पडदा आणखी बाजूला सारला. मामा कितीतरी वेळ तसेच उभे होते. मग, आमच्यापैकी कोणाशी नव्हे, स्वतःशीच ते म्हणाले, "हा मला सुचलाच नव्हता."